सिबिल बिघडलंय? नव्या क्रेडिट कार्डासाठी अर्ज कधी करायचा, हे असं ठरवा

जानेवारी २०२३ मध्ये मी अकरा दिवसांत चार बँकांकडे क्रेडिट कार्डासाठी अर्ज केले आणि चारही नामंजूर झाले. लॉकडाउनमध्ये नोकरी गेली तेव्हा माझ्या जुन्या कार्डाचे ५८,००० रुपये थकले होते. मार्च २०२१ मध्ये बँकेशी तडजोड करून, म्हणजे सेटलमेंट करून, २६,००० रुपये भरले आणि ते प्रकरण मिटवलं. नवी नोकरी लागून आठ महिने झाले होते, पगार वेळेवर जमा होत होता, त्यामुळे आता कुणी नाही म्हणणार नाही असं मी धरून चालले होते. अडचण कुठे आहे हे बँकांना माझ्या क्रेडिट रिपोर्टात दिसत होतं. मी तो रिपोर्ट तोवर एकदाही उघडला नव्हता.

पुढे एप्रिल २०२३ मध्ये एफडीवरचं, म्हणजे मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारं, कार्ड घेतलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये साधं कार्ड एकाच अर्जात मिळालं. आता ओळखीतले लोक विचारतात, "सेटलमेंटनंतर किती महिने थांबू?" नुसते महिने मोजून याचं उत्तर मिळत नाही. दोन माणसांची सेटलमेंट एकाच दिवशी झाली असली तरी एकाला आज कार्ड मिळेल आणि दुसऱ्याला दोन वर्षांनीही मिळणार नाही. फरक रिपोर्टातल्या काही ओळींचा असतो. त्या ओळी कुठे पाहायच्या आणि त्यावरून अर्जाची वेळ कशी ठरवायची, ते इथे पायरीपायरीनं सांगते.

पायरी १: चारही कंपन्यांचे रिपोर्ट काढा

आपण सरसकट "सिबिल" म्हणतो, पण आपल्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवून त्यांचा रिपोर्ट आणि स्कोअर देणाऱ्या भारतात चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. तुमचा अर्ज आल्यावर बँक यांपैकी कुणाचाही रिपोर्ट मागवू शकते, म्हणून एकट्या सिबिलवर विसंबून चालत नाही. माझ्या एका जुन्या कर्जाची चुकीची नोंद फक्त दोन रिपोर्टांत होती, उरलेल्या दोघांत सगळं ठीक होतं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीनं तुम्हाला दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट, स्कोअरसह, फुकट द्यायचा असतो. म्हणजे वर्षाला चार. पॅन, जन्मतारीख, पत्ता आणि मोबाइल नंबर एवढं हाताशी ठेवा. जुना नंबर बंद झाला असेल तर ओटीपीपाशी गाडी अडते, मग रिपोर्ट ओळखपत्र जोडून ईमेलनं मागावा लागतो. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा आणि फुकटचा पर्याय नीट शोधा, कारण वर्षभराची पैसे भरून घ्यायची योजना तिथे ठळक दिसते.

स्वतःचा रिपोर्ट पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही. ही भीती इतकी पसरलेली आहे की माझी बहीण त्यापायी दोन वर्षं रिपोर्ट काढत नव्हती. तुम्ही स्वतः केलेली चौकशी आणि कर्ज देणाऱ्यानं केलेली चौकशी वेगळी धरली जाते. स्कोअरवर परिणाम दुसरीचा होतो.

पायरी २: स्कोअर बाजूला ठेवून रिपोर्ट वाचा

स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि बाजारात "७५० पाहिजे" असं सगळे सांगतात. रिझर्व्ह बँकेनं असा कुठलाही किमान आकडा ठरवून दिलेला नाही. प्रत्येक बँक आपलं धोरण ठरवते आणि आकड्याच्या मागचा तपशीलही बघते. ७३० स्कोअर आणि खाली "सेटल्ड" अशी नोंद असलेला माणूस, आणि ७०० स्कोअर पण स्वच्छ नोंदी असलेला माणूस, यांत दुसऱ्याचा अर्ज पुढे सरकू शकतो. म्हणून वही घ्या आणि पुढच्या चार गोष्टी लिहून काढा.

पहिली, प्रत्येक खात्याची स्थिती. "क्लोज्ड" म्हणजे पूर्ण फेडून बंद. "सेटल्ड" म्हणजे बँकेनं काही रक्कम सोडून देऊन मिटवलेलं. "रिटन ऑफ" म्हणजे वसूल होईना म्हणून बँकेनं आपल्या हिशेबातून काढलेलं. याचा अर्थ कर्ज माफ झालं असा घेऊ नका, तुमच्याकडून येणं बाकी असतंच. अर्जाच्या दृष्टीनं या तिघांत सगळ्यात घातक रिटन ऑफ आहे, त्यातही ज्यापुढे थकीत रक्कम अजून दिसते ते.

दुसरी, "अमाउंट ओव्हरड्यू" हा रकाना. इथे एक रुपया जरी असला तरी आधी तो निस्तरायचा. माझ्या रिपोर्टात २०१८ साली फेडलेल्या एका वस्तूकर्जापुढे १,१८० रुपये थकीत दिसत होते. मी शेवटचा हप्ता भरला होता, पण आधीच्या एका बाउन्स हप्त्याचा दंड राहिला होता आणि त्याबद्दल मला कुणी कळवलं नव्हतं.

तिसरी, महिन्यांची पट्टी, जिला डीपीडी म्हणतात. ड्यू डेटनंतर किती दिवस उशीर झाला, तो आकडा दर महिन्याच्या चौकटीत असतो. सिबिलच्या रिपोर्टात ही पट्टी ३६ महिन्यांपर्यंतची मिळते. ००० किंवा एसटीडी म्हणजे ठीक. ०३०, ०६० असे आकडे म्हणजे तितके दिवस उशीर. एसएमए, एसयूबी, डीबीटी, एलएसएस ही अक्षरं दिसली तर खातं पायरीपायरीनं बुडीताकडे गेल्याचं समजा. ९० दिवस उलटले की बँक ते खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, धरते. एक्सएक्सएक्स असेल तर त्या महिन्याची माहिती बँकेनं कळवली नाही, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यात अलीकडचा डाग कुठल्या महिन्याचा आहे, ते लिहून ठेवा. पायरी ४ मध्ये ती तारीख लागेल.

चौथी, चौकशीची यादी. कुठल्या बँकेनं, कधी, कशासाठी आणि किती रकमेसाठी तुमचा रिपोर्ट मागवला, ते इथे ओळीनं दिसतं. माझे चार अर्ज इथे एकाखाली एक बसले होते. पाचव्या बँकेनं ही यादी पाहिली असती तर माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय असाच अर्थ लावला असता.

वाचताना एक पाहा: तुम्ही न घेतलेलं कर्ज तर त्यात नाही ना? कुणाला जामीन राहिला असाल तर त्याचं कर्जही तुमच्या रिपोर्टात दिसतं आणि त्यानं हप्ता चुकवला तर तेही दिसतं. आणि "आत्ता घ्या, नंतर पैसे द्या" म्हणून घेतलेली दोन-तीन हजारांची उधारी बऱ्याचदा कर्ज म्हणून नोंदलेली असते.

पायरी ३: चुका दुरुस्त करा, खरी थकबाकी मिटवा

चूक असेल तर त्या रिपोर्ट कंपनीकडे ऑनलाइन तक्रार नोंदवा आणि त्याच दिवशी बँकेलाही लेखी कळवा. पावती, एनओसी, खातेउतारा, जे असेल ते जोडा. २०२३ मध्ये माझ्या दुरुस्तीला तीन महिने लागले. एप्रिल २०२४ च्या अखेरीपासून नियम कडक झाला आहे. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. यातले २१ दिवस बँकेला माहिती सुधारून पाठवायला असतात. दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रारीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा, त्याशिवाय पुढे काही हलत नाही.

खरी थकबाकी असेल तर मार्ग दोन: पूर्ण भरणं किंवा सेटलमेंट. रिकव्हरीवाला फोनवर "एवढे भरा, सिबिल क्लिअर होईल" म्हणतो तेव्हा तो पूर्ण सांगत नसतो. सेटलमेंटनं थकबाकी शून्य होते, पण "सेटल्ड" ही नोंद राहते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या नियमानुसार अशी तडजोड करणाऱ्या बँकेला शेतीकर्ज सोडून इतर बाबतीत निदान १२ महिने त्या ग्राहकाला नवं कर्ज देता येत नाही. म्हणजे ज्या बँकेशी सेटलमेंट केली तिच्याकडेच वर्षाच्या आत अर्ज करणं म्हणजे चौकशीची एक ओळ फुकट वाढवणं.

आधीच सेटलमेंट झाली असेल तर बँकेला विचारा: सोडलेली रक्कम आता भरली तर नोंद "क्लोज्ड" कराल का? हो म्हणाले तर ते लेखी घ्या आणि मगच पैसे भरा. मी ऑगस्ट २०२३ मध्ये उरलेले ३२,००० रुपये दोन हप्त्यांत भरले, नो ड्यूज सर्टिफिकेट घेतलं आणि नोंद बदलून घेतली. उशिराचे जुने आकडे तसेच राहिले, पण "सेटल्ड" हा शब्द गेला. ऐपत असेल तर हे करा असंच मी सांगेन. मात्र त्यासाठी नवं कर्ज काढू नका.

इथे दोन सापळे आहेत. एक, "३० दिवसांत ७५० करून देतो" म्हणणारे एजंट. खरी नोंद पैसे घेऊन कुणीही पुसू शकत नाही आणि चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकटात दुरुस्त करून घेऊ शकता. त्यांना ओटीपी तर अजिबात देऊ नका. दोन, "सात वर्षांनी आपोआप पुसलं जातं" हा समज. कायद्यानुसार माहिती किमान सात वर्षं ठेवायची असते. त्यानंतर ती निघेलच असं त्यात नाही, म्हणून त्या भरवशावर बसू नका.

पायरी ४: आता वेळ ठरवा

वही उघडा आणि तुम्ही कुठे बसता ते पाहा.

*अजून काही थकीत आहे.* कुठेही अर्ज करू नका. एफडीवरच्या कार्डाचाही विचार नंतर.

*थकबाकी शून्य आहे, पण चालू खातं एकही नाही, किंवा शेवटचा डाग वर्षाच्या आतला आहे.* साध्या कार्डाचा अर्ज करू नका. एफडीवरचं कार्ड मात्र लगेच घ्या. नुसतं थांबून रिपोर्ट सुधारत नाही. त्यात नव्या, चांगल्या नोंदी पडायला हव्यात आणि त्या पडायला एखादं चालू खातं लागतं. सेटलमेंटनंतर मी २२ महिने काहीच केलं नाही. माझ्या सगळ्या प्रवासात वाया गेलेला काळ तोच.

*चालू खातं आहे आणि गेले १२ महिने स्वच्छ आहेत.* आता साध्या कार्डाचा विचार करा, पण आधी या गोष्टी तपासा: चारही रिपोर्टांत थकीत रक्कम शून्य आहे, गेल्या सहा महिन्यांत कर्जाची नवी चौकशी नाही, सध्याच्या नोकरीत किंवा धंद्यात निदान सहा महिने झालेत, आणि खात्यात पगार किंवा उत्पन्न दर महिन्याला दिसतंय. एखादी बसत नसेल तर ती बसेपर्यंत थांबा. १२ आणि सहा हे आकडे कुठल्या नियमातले नाहीत. माझ्या आणि ओळखीतल्या पाच-सहा जणांच्या अनुभवावरून मी ते धरते. "सेटल्ड" नोंद अजून असेल तर मी १२ ऐवजी १८ ते २४ धरेन.

*येत्या सहा महिन्यांत घरासाठी कर्ज काढायचंय.* बाकी सगळं जुळत असलं तरी कार्डाचा अर्ज पुढे ढकला. गृहकर्जाच्या तोंडावर नवी चौकशी आणि नवं खातं कशाला ओढवून घ्यायचं?

आणि स्वतःला एक प्रश्न विचारा. गेले सहा महिने महिनाअखेरीस खात्यात काही उरतंय का? उरत नसेल तर रिपोर्ट कितीही सुधारलेला असो, कार्ड घेऊ नका. बहुतेक कार्डांवर बाकी ठेवली तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या वर व्याज लागतं आणि त्यावर जीएसटी वेगळा. माझे ५८,००० असेच झाले होते. मूळ खरेदी ४१,००० च्या आतली होती.

पायरी ५: एफडीवरचं कार्ड

बँकेत मुदत ठेव ठेवायची, त्यावर बँक लिअन लावते, म्हणजे कार्ड चालू असेपर्यंत ती मोडता येत नाही, आणि ठेवीच्या साधारण ७५ ते १०० टक्क्यांपर्यंत लिमिट मिळतं. ठेवीवर व्याज चालूच राहतं. माझी ठेव ३०,००० ची होती, लिमिट २७,०००. पॅन, आधार, फोटो आणि ठेवीची पावती पुरली, पगारपत्रक मागितलं नाही.

ठेव ठेवण्यापूर्वी बँकेला तीन प्रश्न विचारा. या कार्डाची माहिती चारही कंपन्यांना कळवता का? वार्षिक फी किती? आणि कार्ड बंद केल्यावर लिअन किती दिवसांत काढता? ज्या बँकेचं जुनं देणं बाकी आहे तिथे ही ठेव ठेवू नका, कारण ती रक्कम थकबाकीत वळती करून घेण्याचा हक्क बँकेला असतो.

पायरी ६: वर्षभर कंटाळवाणं वापरा

महिन्याला एक-दोन ठरलेले खर्च कार्डावर टाका, मी मोबाइल आणि विजेचं बिल टाकत होते. पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट लावा. "मिनिमम ड्यू" वर लावलंत तर उशिराची नोंद टळेल, पण उरलेल्या रकमेवर व्याज चढेल आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाईल. ऑटो-डेबिट लावताना बँका बहुधा दोन्ही पर्याय देतात, तिथे घाई करू नका.

लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहा. मी एकदा २२,००० चा फोन या कार्डावर घेतला, बिल वेळेत पूर्ण भरलं, तरीही स्कोअर खाली आला, कारण २७,००० पैकी २२,००० वापरलेले तेवढ्यात कळवले गेले होते. पुढे बाकी उतरल्यावर स्कोअर परतही आला. जानेवारी २०२५ मध्ये बँकांना ही माहिती निदान पंधरवड्यातून एकदा कळवणं बंधनकारक झालं, त्यामुळे बिघाड आणि सुधारणा दोन्ही पूर्वीपेक्षा लवकर दिसतात. मोठी खरेदी टळत नसेल तर स्टेटमेंट निघायच्या आधीच पैसे भरून टाका.

ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच कार्ड खातं थकीत म्हणून कळवता येतं, असा नियम आहे. हे तीन दिवस सर्व्हर बंद पडला, सुट्टी आली अशा वेळेसाठी मनात ठेवा. चौथ्या दिवशी उशीर मूळ ड्यू डेटपासूनच मोजला जातो. आणि कार्डानं एटीएममधून रोख काढू नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

पायरी ७: साध्या कार्डाचा अर्ज, एकाच ठिकाणी

सुरुवात पगार जमा होतो त्या किंवा एफडीवरचं कार्ड दिलेल्या बँकेपासून करा. तुमचा व्यवहार त्यांना आधीच दिसत असतो. शाखेत जाऊन आधी तोंडी पात्रता विचारा आणि "अर्ज भरण्यापूर्वी रिपोर्ट मागवू नका" असं स्पष्ट सांगा. "प्री-अप्रूव्हड" असा मेसेज म्हणजे मंजुरीची हमी नसते. तुलना करून देणाऱ्या संकेतस्थळांवर संमतीची खूण करण्यापूर्वी मजकूर वाचा, एका खुणेत अनेक संस्थांना रिपोर्ट मागवायची परवानगी दिलेली असू शकते. मॉलमधल्या टेबलावर तर फॉर्म भरूच नका.

सोबत ठेवायची कागदपत्रं:

- पॅन आणि आधार किंवा दुसरा पत्त्याचा पुरावा
- शेवटची तीन पगारपत्रकं, धंदा असेल तर दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं
- सहा महिन्यांचा खातेउतारा
- फॉर्म १६
- जुन्या कर्जांची एनओसी किंवा नो ड्यूज सर्टिफिकेट (कुणी मागत नाही, तरी न्या)

पायरी ८: नामंजूर झालं तर, आणि मंजूर झालं तर

नामंजूर झालं तर त्याच आठवड्यात दुसरीकडे धावू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अर्ज नाकारताना बँकेनं नेमकं कारण लेखी कळवायला हवं. "अंतर्गत धोरण" एवढंच कळवलं तर पुन्हा ईमेल करून विचारा. ते कारण आणि तुमचा रिपोर्ट शेजारी ठेवून पाहा, दोष कुठल्या ओळीत आहे ते बहुतेक वेळा कळतं. मग पायरी ४ ची वही पुन्हा उघडा आणि सहा महिने मोजा.

मंजूर झालं तर एफडीवरचं कार्ड लगेच परत करू नका. तुमचं सगळ्यात जुनं स्वच्छ खातं तेच आहे. मी ते नव्या कार्डाच्या जोडीनं वर्षभर चालू ठेवलं. बंद करायचं ठरवाल तेव्हा बाकी शून्य करून लेखी विनंती द्या. बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं, नाहीतर पुढच्या दर दिवसाला ५०० रुपये तिनं तुम्हाला द्यायचे असतात. बंद झाल्याचं पत्र घ्या, ठेवीवरचा लिअन निघाला का ते पाहा आणि महिन्याभरानं रिपोर्टात त्या खात्यापुढे "क्लोज्ड" आलंय याची खात्री करून घ्या.